कोमेजलेल्या फुलाचे काय करावे?

पनवेलसारख्या गावात आता अंगण फार थोड्यांच्या वाट्याला येते. जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि अंगणातली तुळस, जास्वंद, अबोली गॅलरीतल्या कुंड्यांत येऊन बसली. संध्याकाळी कामावरून परतल्यावर या कुंड्यांपाशी दहा मिनिटे उभे राहणे हा आम्हा अनेकांचा विरंगुळा असतो. पाणी घालावे, माती हलवावी आणि कोमेजलेली फुले खुडून टाकावीत. यातले शेवटचे काम आपण सर्वांत कमी विचार करून करतो. या लेखात त्याच कामाविषयी थोडा विचार करावा असे आम्ही योजले आहे.

कोमेजलेले फूल खुडण्यामागे केवळ टापटीप नसते. झाड फुलते ते बी धरण्यासाठी. एकदा फळधारणा झाली की झाडाची शक्ती बीजाच्या पोषणाकडे वळते आणि नव्या कळ्या येणे मंदावते. झेंडू, पिटुनिया यांसारख्या एका हंगामाच्या झाडांत हे विशेष दिसते. बी पिकले की त्यांचे आयुष्य जणू कृतार्थ होते. आपण सुकलेले फूल देठासह काढून टाकले, की बी धरण्याचे काम अपुरे राहते आणि झाड पुन्हा कळ्या काढते. आपल्याला फुले अधिक दिवस मिळतात. स्पष्टच बोलायचे तर झाडाची इच्छा आपण पुनःपुन्हा अपुरी ठेवतो आणि त्या अपुरेपणातून आपल्या गॅलरीची शोभा उभी राहते.

याच्या उलट दुसरे एक काम आहे. चौथ्या-पाचव्या मजल्यावर, त्यातही जाळी बसवलेल्या गॅलरीत, मधमाश्या क्वचितच येतात. तेथे बी हवे असेल तर मधमाशीचे काम आपल्यालाच करावे लागते. उन्हाळ्यात कंदातून जाड दांडा काढून फुलणारी मोठी लिली घ्या. तिचे सहा पुंकेसर पिवळ्या परागांनी भरले, की ते पराग मऊ कुंचल्याने टिपावेत आणि दुसऱ्या झाडावरील फुलाच्या मधोमध पुढे आलेल्या कुक्षीला हलकेच लावावेत. पाकळ्या गळतात, पण मागचा हिरवा भाग फुगू लागतो. महिना-दीड महिन्याने बोंड वाळून उकलते आणि आत कागदासारख्या पातळ, काळ्या चकत्यांची चळत दिसते. त्या पेरल्या तर फूल यायला तीन वर्षे तरी लागतात.

एकाच माणसाचा एक हात बी रोखतो आणि दुसरा हात बी धरवतो. यांतला कोणता हात योग्य?

कोणी म्हणेल, झाडाला मन नाही, मग अन्याय कोणावर? हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. झाडाला दुःख होते असे सांगण्याचा आमचा उद्देश नाही. परंतु जे हात रोज एखादी गोष्ट करतात त्यांना तिचे वळण लागते, आणि ते वळण कुंडीपाशी थांबत नाही. म्हणून प्रश्न झाडाच्या हक्काचा नसून आपल्या सवयीचा आहे.

हे आम्हांला पुस्तकातून कळले नाही. काही वर्षांपूर्वी आमची आई अंथरुणाला खिळली होती. तिच्या खिडकीतून गॅलरीतली लिली दिसे. एका रविवारी घरी पाहुणे यायचे होते, म्हणून मिस्साहून परतल्यावर आम्ही लिलीचा सुकलेला दांडा कापून टाकला. आई पाहत होती. ती म्हणाली, "काढलंस कशाला रे? तिच्या पोटात काहीतरी धरलं होतं." दांडा केराच्या टोपलीतून काढून पाहिला, तर खरोखरच एक बोंड फुगू लागले होते. आई पुढे काही बोलली नाही. मात्र त्याच सकाळी, पाहुणे येणार म्हणून, आम्ही तिच्या खोलीचे दारही ओढून घेतले होते, हे आमच्या लक्षात आले. पुढच्या उन्हाळ्यात लिली फुलली तेव्हा आई नव्हती.

बहर संपला की जे उरते ते दृष्टीआड करावे, असे वळण आमच्या हातांना लागले होते. घरातल्या वृद्धांची आपण सेवा करतो, औषधपाणी करतो. तथापि त्यांच्यात अजून काही पिकत असेल, अशी अपेक्षा ठेवत नाही. कोमेजणे आणि पिकणे बाहेरून सारखेच दिसते. फरक समजण्यासाठी वाट पाहावी लागते, आणि नेमके तेच आपल्याला जमत नाही.

मग खुडणे सोडावे आणि प्रत्येक फुलाचे बी धरावे काय? तसेही नाही. बी धरविणाऱ्या हातालाही स्वतःचा मोह असतो. या झाडाचा रंग आणि त्या झाडाचा आकार एकत्र यावा, असे आपण ठरवतो आणि त्याप्रमाणे फूल येईल असे गृहीत धरतो. हा भ्रम ज्याने शास्त्रशुद्ध रीतीने दूर केला तो ऑगस्टिनियन मठातला एक संन्यासी होता. ग्रेगोर मेंडेल याने आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो येथील मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले. वाटाणा स्वतःच्याच परागांनी फळतो, म्हणून कळी उघडून पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि फूल झाकून ठेवायचे, असे ते कष्टाचे काम होते. जांभळ्या व पांढऱ्या फुलांच्या संकरातून पहिल्या पिढीत सर्व फुले जांभळी आली. पण त्या पिढीच्या बियांतून सुमारे चारांत एक झाड पुन्हा पांढऱ्या फुलांचे निघाले. जे लुप्त झालेसे वाटले ते केवळ झाकलेले होते. आपल्या मुलांनी आपलीच प्रतिकृती व्हावे असे मानणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे ध्यानात घ्यावे. मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला, १८८४ मध्ये तो वारला आणि त्याच्या कार्याची महती जगाला १९०० मध्ये कळली. ज्याने स्वतःची संतती प्रभूसाठी वर्ज्य केली होती, त्याचे बीज मृत्यूनंतर सोळा वर्षांनी रुजले.

परागसिंचनाच्या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. व्हॅनिलाची वेल मेक्सिकोबाहेर नेली तर फुले येत, पण शेंगा क्वचितच धरत. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एदमों आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा यांच्या साहाय्याने ते फूल फळविण्याची सोपी रीत शोधली. आजही व्हॅनिला त्याच रीतीने पिकते. त्या रीतीवर इतर श्रीमंत झाले आणि तो १८८० मध्ये दारिद्र्यात मरण पावला. आपल्या देशात १९७० मध्ये संकरित कापसाचे वाण आले. त्याचे बियाणे तयार करताना संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे आणि सकाळी पराग लावायचे, असे प्रत्येक फुलावर हाताने काम करावे लागते. या शतकाच्या आरंभी आंध्र प्रदेश व गुजरात या राज्यांतील अशा शेतांवर लहान मुली राबत असल्याचे उघडकीस आले. त्या फुलांची काळजी घेतली गेली, पण त्या हातांची घेतली गेली नाही. बी कोणाच्या हाताने धरले, हा प्रश्न बी किती आले या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

याउलट अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण पाहा. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी स्त्रीने गावठी वाणांचे बियाणे जपले व वाटले. २०२० च्या पद्मश्री सन्मानात त्यांचे नाव होते. बी राखायचे ते इतरांना देण्यासाठी, हे त्यांनी कृतीने दाखवले.

मग मोगऱ्याचे काय? भरगच्च मोगऱ्याला बी सहसा धरत नाही. तो फांदीने लागतो, एका घरातून दुसऱ्या घरात हातोहात जातो. फादर स्टीफन्स यांनी मराठी भाषेला फुलांतील मोगरीची उपमा दिली. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाला संतती नव्हती; पण १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची फांदी आमच्या भाषेत आजही हिरवी आहे. ज्यांना मूल नाही, ज्यांनी व्रतस्थ जीवन स्वीकारले, त्यांना निष्फळ समजणाऱ्यांनी घरातला मोगरा एकदा पाहावा.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. पवित्र शास्त्रात लेवीय ग्रंथामध्ये शेतकऱ्यासाठी एक नियम आहे: पीक कापताना शेताच्या कडा कापू नयेत, त्या गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्याव्यात. कापणीला तेथे मनाई नाही. सर्वच्या सर्व आपले मानण्याला आहे. गॅलरीतल्या कुंडीलाही हाच नियम लावावा असे आम्हांला वाटते. फुले खुडावीत, त्यात पाप नाही. परंतु काही फुले, आणि तीही चांगल्यातली, जाणून राखावीत. त्यांना दोरा बांधावा, म्हणजे घाईतल्या हाताला आठवण राहील. बी आले की शेजाऱ्याला द्यावे आणि त्यातून कोणता रंग यावा याचा आग्रह धरू नये.

आईनंतरच्या उन्हाळ्यात आम्ही लिलीची दोन फुले कुंचल्याने फळवली आणि दांड्यांना पांढरा दोरा बांधला. पाहुणे आले, त्यांनी विचारलेही, "हे सुकलेले दांडे का ठेवलेत?" आम्ही ते काढले नाहीत. त्या बियांची रोपे आता बोटभर उंचीची आहेत. धर्मग्रामातल्या तीन घरी ती गेली आहेत. फुले कोणत्या रंगाची येतील ते ठाऊक नाही. वाट पाहायला आम्ही शिकत आहोत.