रकाने भरले, अर्थ सांडला

उभे राहा दोघंही. “सर, सगळ्या नोंदी गेल्या, एकही एरर नाही,” असं छाती फुगवून सांगत आला होतात ना? एरर आली नाही म्हणजे काम बरोबर झालं, हे कुणी शिकवलं तुम्हाला?

ही नोंद वाचा. या कादंबरीवर शके १८२० छापलंय. कॅटलॉगरने मार्क या ग्रंथालयाच्या नोंदींच्या साच्यातल्या २६० फील्डमध्ये ते जसंच्या तसं उतरवलं, कारण तिथे छापलेलंच लिहायचं असतं. तुम्ही ‘शके’ छाटलंत आणि उरलेले चार आकडे डब्लिन कोअर या दुसऱ्या, लहान साच्याच्या ‘डेट’मध्ये ढकलून मोकळे झालात. मराठीतली पहिली म्हणतात ती कादंबरी, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ची. तुमच्या यादीत मात्र १८२० सालची कादंबरी बसलीय! पेशवाई बुडून दोन वर्षं होतात न होतात तोच! शंकासुद्धा आली नाही?

इसवी सनासाठी शकात ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. बरं, तेवढाही हिशेब करायची गरज नव्हती. याच नोंदीत ००८ फील्डच्या ०७ ते १० या स्थानांवर १८९८ लिहून ठेवलंय. पण तिकडे बघतो कोण!

आता नावं. १०० मधला मूळ लेखक आणि ७०० मधला भाषांतरकार, दोघांनाही ‘क्रिएटर’मध्ये कोंबलंत. शेजारी भाषांतरकाराचा टीआरएल हा कोड होता, तो वाचायचे कष्ट घेतले नाहीत. साध्या डब्लिन कोअरमध्ये घटक पंधराच. भाषांतरकाराचं नाव ‘काँट्रिब्यूटर’मध्ये जाईल, पण त्याने भाषांतर केलं ही माहिती तिथे मावणार नाही. मोठ्या साच्यातून लहान साच्यात जाताना काहीतरी गळणारच, त्याबद्दल मी बोलत नाही. काय गळतंय याचा तुम्हाला पत्ताच नव्हता, याचा राग आहे. उद्या हीच फाइल दुसऱ्या ग्रंथालयात गेली, की तिथला माणूस भाषांतरकाराला लेखक समजून मोकळा होईल. मग ते निस्तरणार कोण?

प्रोग्राम बाजूला ठेवा. आधी कागदावर तक्ता करा: मूळ फील्ड, त्यात काय आणि कोणत्या नियमाने लिहिलंय, ते कुठे जाणार, कसं बदलणार, काय गळणार. मग पन्नास पुस्तकं कपाटातून काढा आणि पुस्तक उघडं ठेवून एकेक नोंद ताडून बघा. तक्त्यावर माझी सही झाल्याशिवाय एक ओळही चालवायची नाही.

माना काय हलवताय? कपाटाची किल्ली घ्या आणि कामाला लागा.