पणाला काय लावता येते

कॅसिनो असलेल्या मोठ्या रिसॉर्टमध्ये शनिवार-रविवार घालवण्याचा बेत ठरतो तेव्हा खोली, तिकिटे आणि खर्च यांच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. मौजेसाठी खेळलेला जुगार हा दोष आहे का, आणि असेल तर तो दोष नेमका कुठे सुरू होतो? हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. त्याची सर्वांत खोल मांडणी महाभारताच्या सभापर्वात सापडते.

धृतराष्ट्राने द्यूतासाठी खास सभा बांधवून घेतली होती. हजार खांबांची, शंभर दारांची, सोन्याने आणि रत्नांनी मढवलेली. पांडवांना विदुराकरवी आमंत्रण गेले ते ही सभा पाहायला या आणि भावांबरोबर खेळून रमा, असे. द्यूतातून कलह उपजतो हे युधिष्ठिर जाणून होता आणि विदुरापाशी त्याने ते बोलूनही दाखवले. पण आव्हान आल्यावर माघार घ्यायची नाही, हे त्याचे व्रत होते. हस्तिनापुरात पोचल्यावर वडीलधाऱ्यांच्या भेटीगाठी झाल्या, पाहुणचार झाला, रात्री सुखाची झोप झाली आणि सकाळी पांडव त्या देखण्या सभेत शिरले. तिथे युधिष्ठिर शकुनीशी खेळला आणि हरत गेला. रत्ने गेली, रथ गेले, हत्ती-घोडे गेले, राज्य गेले, भाऊ गेले, तो स्वतः गेला आणि शेवटी द्रौपदी पणाला लागली.

द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न शकुनीच्या कपटाबद्दल नव्हता. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, एवढेच तिने विचारले. जो स्वतःचाच मालक उरला नाही, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कुठून आला? भीष्मांनाही याचे सरळ उत्तर देता आले नाही. द्यूत चांगले की वाईट, या वादाच्या तळाशी हाच प्रश्न आहे. खेळणाऱ्याचे स्वतःचे काय आहे, आणि त्यातले सोडून देण्याजोगे किती?

धर्मग्रंथांची उत्तरे एकसारखी नाहीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात हरलेला जुगारी स्वतः बोलतो. बायको दुरावली आहे, सासू द्वेष करते, फासे बोलावतात आणि पाय तिकडे वळतात. सूक्ताच्या शेवटी त्याला शेती कसण्याचा आणि जे आहे त्यात रमण्याचा उपदेश मिळतो. मनुस्मृती द्यूताला उघड चोरी म्हणते आणि राजाने ते राज्यातून हद्दपार करावे असे सांगते. कौटिल्याची वाट वेगळी आहे. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठिकाणी व्हावा असा नियम केला, फासे राज्याने पुरवायचे ठरवले आणि जिंकलेल्या रकमेवर पाच टक्के घेतले. मनू राजाच्या कर्तव्याकडे पाहतो, कौटिल्य माणसाच्या सवयीकडे. आजच्या सरकारांनी बहुधा कौटिल्याची वाट धरली आहे. लोकाचारही मऊच राहिला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात आणि त्या दिवशी शिव-पार्वती सारीपाट खेळले, अशी कथा सांगतात. बौद्धांच्या सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे मोजले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हा त्यातला पहिला. इस्लामने जुगार पूर्णपणे निषिद्ध मानला. कॅथलिक चर्चच्या शिकवणीनुसार नशिबाचा खेळ मुळात अन्याय्य नाही; ज्यामुळे स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या गरजेचे पैसे जातात, तो खेळ अनीतीचा. ही शिकवण द्रौपदीच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाते.

नलाच्या कथेत एक बारकावा आहे, आणि त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. नल राजा द्यूतात राज्य हरला तो अंगात कली शिरल्यामुळे. पुढे राजा ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने-फळे एका नजरेत मोजून दाखवली आणि नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या शिकवली. ती विद्या मिळताच कली नलाच्या शरीरातून बाहेर पडला. प्राचीन काळी फासे बेहड्याच्याच फळांचे असत, म्हणून मोजणी, झाड आणि फासे यांचा इथे आलेला मेळ सहज पटतो. फाशांची भूल उतरवायला गणित लागते, हे कथाकाराला कळले होते.

ते गणित आज कुणालाही करता येते. एका शून्याच्या रूलेट चक्रावर 37 घरे असतात : 18 लाल, 18 काळी, एक शून्य. लालवर पैसे लावले तर 37 पैकी 18 घरे खेळणाऱ्याची आणि 19 कॅसिनोची. म्हणजे लावलेल्या रकमेपैकी सरासरी 2.7 टक्के जाणारच. दर फेरीला 10 डॉलर, तासाला 40 फेऱ्या आणि तीन तासांचा खेळ धरला, तर 1200 डॉलर फिरतात आणि सरासरी 32 डॉलर जातात. एखाद्या रात्री याहून बरेच जास्त जातील, एखाद्या रात्री खिशात भर पडेल. पण फेऱ्या जितक्या वाढतात तितका हिशेब सरासरीकडे सरकतो. मागच्या फेऱ्यांची चक्राला आठवण नसते. माँते कार्लोमध्ये 1913 साली एकाच टेबलावर सलग 26 वेळा काळे आले आणि आता लाल यायलाच हवे, या समजुतीने लोक लालवर पैसे ओतत राहिले.

कॅसिनो असलेल्या रिसॉर्टचे एक उदाहरण म्हणजे सिंगापूरचे मरीना बे सँड्स. ते 2010 साली उघडले. मराठी पर्यटकांना ते चित्रांतून ओळखीचे आहे : 55 मजली तीन मनोरे आणि त्यांच्या माथ्यावर नावेसारखा पसरलेला बगिचा. तिथला वरचा जलतरण तलाव फक्त हॉटेलात उतरलेल्यांसाठी आहे. कला आणि विज्ञान यांचे संग्रहालय आवारातच आहे, आणि गार्डन्स बाय द बे पायी जाण्याच्या अंतरावर. एवढ्या पसाऱ्यात कॅसिनोने व्यापलेली जागा थोडी, मिळकत मात्र मोठी. कॅसिनोंना परवानगी द्यायची का, यावर तिथे जाहीर वाद झाला. धार्मिक संस्थांनी विरोध केला, आणि 2005 मध्ये सरकारने परवानगीचा निर्णय घेतला तो अटी घालून. नागरिक आणि कायम रहिवासी यांना 24 तासांच्या प्रवेशासाठी 150 सिंगापूर डॉलर भरावे लागतात. एकविसाव्या वर्षाआधी प्रवेश कुणालाच नाही. खेळणारा स्वतःवर प्रवेशबंदी घालून घेऊ शकतो, आणि कुटुंबीयही त्याच्यावर बंदीसाठी अर्ज करू शकतात. ही शेवटची तरतूद फार मोलाची आहे. द्रौपदीला भर सभेत जे मागावे लागले, ते इथे घरच्या माणसाला आधीच मागता येते.

परदेशी पाहुणा मात्र पासपोर्ट दाखवून फुकट आत जातो. गोव्यातही अशीच दुभंगलेली नीती दिसते. मांडवीत पणजीसमोर तरंगती कॅसिनो उभी आहेत, आणि 2020 मध्ये सरकारने स्थानिकांना प्रवेशबंदी जाहीर केली तेव्हा पर्यटकांचा मार्ग मोकळाच राहिला. जे आपल्या माणसासाठी घातक, ते पाहुण्यासाठी करमणूक कसे, याचे समाधानकारक नैतिक उत्तर कोणत्याच सरकारकडे नाही. त्यामुळे पाहुण्याला आपली मर्यादा आपणच घालून न्यावी लागते.

ती घरूनच न्यावी लागते. खेळघराची रचनाच मर्यादा विरघळवणारी असते. खिडक्या सहसा नसतात, त्यामुळे दिवस मावळला की उगवला हे कळत नाही. नोटांच्या जागी चिप येते आणि हातातल्या पैशाचे वजन हरपते. म्हणून खेळाची रक्कम घरीच, शक्य तर जोडीदाराबरोबर बसून ठरवावी आणि नाटकाच्या तिकिटासारखी गेली असे आधीच मानावे. ती परत आणायची आहे, असा विचार मनात असेल तर ती पणाला लावण्याजोगी नव्हतीच. घराचा हप्ता, मुलांची फी, उसने आणलेले पैसे यांच्यावर खेळणाऱ्याचा एकट्याचा अधिकार नाही. खेळायला शनिवार संध्याकाळचे दोन-तीन तास पुरेत. रविवारची सकाळ बागेसाठी, संग्रहालयासाठी, तलावासाठी मोकळी ठेवावी.

सभापर्वात पहिल्या द्यूतानंतर धृतराष्ट्राने सगळे परत दिले होते. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागलेही होते. तेवढ्यात पुन्हा बोलावणे आले, युधिष्ठिर मागे फिरला, एकच डाव खेळला आणि तो हरल्यावर वाट्याला आला बारा वर्षांचा वनवास आणि एका वर्षाचा अज्ञातवास. बेत आखताना सर्वाधिक काळजी घ्यावी ती याच घडीची. सामान बांधून झालेले असते, विमानाला अवकाश असतो आणि चार चिपा खिशात उरलेल्या असतात. त्या शनिवारी रात्रीच कॅसिनोच्या रोखपालाकडे देऊन पैसे घेतलेले असले, तर रविवारी त्या दाराकडे वळायला कारणच उरत नाही.