आकाश सगळ्यांचं राहू दे, सिद्धरामा

सिद्धरामा, आज तुझ्यापाशी पाऊस मागायला आलो नाही. आजचं मागणं ढगांच्याही वरचं आहे.

तू या सोलापुरात तळं खोदलंस. माणसं जमवलीस, त्यांच्यासोबत राबलास आणि पाणी सगळ्यांसाठी मोकळं ठेवलंस. १९६७ साली जगातल्या देशांनी बाह्य अवकाशाचा करार केला, त्याची रीतही तुझ्या तळ्याचीच होती. अवकाशावर कुणा एका देशाची मालकी नाही, ते साऱ्या माणसांच्या भल्यासाठी, असं ठरलं. भारतानेही सही केली. पण एक भगदाड राहिलं, देवा. कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी झाली. जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून उपग्रह फोडायला मात्र स्पष्ट मनाई झाली नाही.

आमच्या गावचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली गेले. त्याच चीनने ११ जानेवारी २००७ रोजी, इथे तुझ्या गड्डा यात्रेची लगबग चालू असताना, आपलाच एक जुना उपग्रह साडेआठशे किलोमीटरहून अधिक उंचीवर फोडला. त्याचे मोजता आलेले तुकडेच तीन हजारांवर आहेत आणि त्यांतले पुष्कळ आजही फिरताहेत. त्या उंचीवरचा तुकडा सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर पळतो. सोलापूरहून पंढरपूर त्याला दहा सेकंदांचं. एवढ्या वेगाने आलेला सुपारीएवढा तुकडासुद्धा चालता उपग्रह निकामी करतो.

मग आमची पाळी आली. २७ मार्च २०१९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून क्षेपणास्त्र सुटलं आणि त्याने आमचाच मायक्रोसॅट-आर उपग्रह टिपला. मोहिमेचं नाव मिशन शक्ती. आमच्या शास्त्रज्ञांचा मला अभिमान आहे. तुकडे लवकर खाली येऊन जळावेत म्हणून त्यांनी तीनशे किलोमीटरच्या आतली उंची निवडली, हा त्यांचा विवेक. तरीही काही तुकडे उसळून अवकाश स्थानकाच्याही वर गेले. स्फोटाला विवेक नसतो, सिद्धरामा.

२०२२ च्या गुढीपाडव्याची रात्र तुला आठवत असेल. पावणेआठच्या सुमाराला महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोक अंगणात येऊन वर बघत होते. जळत्या रेघा आकाशातून सरकत होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात माणसाच्या उंचीहून मोठं धातूचं कडं येऊन पडलं. ते शस्त्र नव्हतं. चिनी रॉकेटचा जुना टप्पा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. मोकळ्या जागेत पडलं, कुणाला लागलं नाही. ती तुझीच कृपा. पण दर वेळी तुझ्यावरच का भार टाकावा?

देशाने डोळे मिटून बसावं असं मी मागत नाही. नौदलासाठी २०१३ साली जीसॅट-७ उपग्रह वर गेला, तो असायलाच हवा. भर समुद्रातल्या जहाजाशी बोलायचं तर तो लागतो. आमच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी भीमेपलीकडे वालचंदनगर वसवलं. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटची पोलादी आवरणं घडतात आणि संरक्षणाचंही काम होतं. त्या कामगारांच्या हातांना यश दे. सीमेवरच्या जवानाला वाट दाखवणारा उपग्रह आणि सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला ढग दाखवणारा उपग्रह, दोन्ही नीट चालू दे. म्हणूनच तर सांगतो, देवा, वर लढाई नको. तिथे फुटलेल्या उपग्रहाचा तुकडा जवान बघणार नाही, शेतकरी बघणार नाही, आपला-परका बघणार नाही.

२०२३ साली देशाचं अवकाश धोरण आलं. खासगी कंपन्यांना दार उघडलं, चांगलं झालं. पण लष्करी वापर कुठवर, हे त्यात उलगडून सांगितलेलं नाही. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठराव आला, की उपग्रह फोडून पाहण्याच्या असल्या चाचण्या आम्ही करणार नाही असं देशांनी वचन द्यावं. १५५ देशांनी बाजूने मत दिलं. चीन आणि रशिया विरोधात गेले. भारत तटस्थ राहिला. सगळ्यांना कायद्याने बांधणारा करार हवा, ही आमची भूमिका. ती रास्त आहे. पण करार होईपर्यंत आपल्यापुरता शब्द द्यायला कुणी अडवलं आहे? आमच्या हाती ताकद आहे हे जगाने पाहिलं आहे, आता ती पुन्हा दाखवण्याची गरज उरलेली नाही.

दिल्लीत धोरण लिहिणाऱ्यांना ही बुद्धी दे, सिद्धरामा. भारत पुन्हा कधीही उपग्रह फोडण्याची चाचणी करणार नाही, एवढं एक वाक्य त्यांच्या हातून लिहून घे.