ग्रोटोमागची जागा



१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ ख्रिस्तसभा 'सृष्टीचा काळ' म्हणून पाळते. पहिला दिवस सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा, शेवटचा दिवस असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणाचा. प्रार्थनेचा हा दिवस दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली कॅथोलिक ख्रिस्तसभेसाठी ठरवून दिला. 'लाउदातो सी' हे त्यांचे विश्वपत्रही त्याच वर्षीचे. ह्या काळात आपण प्रार्थना म्हणतो, मुलांची चित्रकला स्पर्धा घेतो, एखादे रोप लावताना फोटो काढतो. यंदा मात्र आपल्या धर्मग्रामापुढे एक खराखुरा प्रश्न आहे, आणि त्याविषयीच आम्ही लिहीत आहोत.

ग्रोटोच्या मागे कुंपणाच्या भिंतीपर्यंत जमिनीचा जो पट्टा मोकळा आहे, तो साफ करून त्यावर पेव्हर ब्लॉक बसवावेत आणि तिथे गाड्या लावाव्यात, अशी सूचना पॅरिश कौन्सिलकडे आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. लग्नाच्या दिवशी रस्त्यावर गाड्या उभ्या राहतात, शेजाऱ्यांना त्रास होतो, पावसात चिखल होतो, वयस्कर माणसांचा पाय घसरतो. "फादर, तिथे नुसते रान माजले आहे," असे आम्हाला पायऱ्यांवर पुष्कळांनी सांगितले. पुढच्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे. त्याआधी आमचे म्हणणे तुमच्यापुढे ठेवणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

'लाउदातो सी' मध्ये पोप महोदयांनी संत फ्रान्सिसची एक छोटीशी आठवण दिली आहे. मठाच्या बागेचा एक भाग कोणी खणू नये, तिथे काही पेरू नये, रानफुले आणि रानातल्या वनस्पती तिथे आपल्याआप वाढू द्याव्यात, असे ह्या संताने आपल्या बंधूंना सांगून ठेवले होते. लक्षात घ्या, हे बंधू भिक्षेवर जगणारे होते. त्यांना त्या जागेत कांदे किंवा कोबी लावता आला असता. तरीही जी जागा कोणाच्याच कामाची नाही तीसुद्धा देवाची स्तुती करते, आणि ती पाहणाऱ्याला तिच्या निर्माणकर्त्याची आठवण व्हावी, असे संत फ्रान्सिसला वाटत होते. सूर्याला बंधू आणि पृथ्वीला बहीण व माता म्हणणारे त्याचे स्तोत्र १२२५ सालचे. २०२५ मध्ये त्याला आठशे वर्षे झाली. त्या स्तोत्रातही रंगीबेरंगी फुले आणि वनस्पती ह्यांना त्याने आठवणीने जागा दिली आहे.

हा विचार काही फ्रान्सिसने नव्याने आणलेला नव्हे. लेवीयच्या पुस्तकात परमेश्वर इस्राएली शेतकऱ्याला सांगतो की कापणी करताना शेताच्या अगदी कडेपर्यंत विळा चालवू नकोस. ते धान्य गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवायचे. पुढे सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा आहे, आणि त्या वर्षी आपोआप जे उगवेल त्यावर गुराढोरांचा आणि रानातल्या जनावरांचाही हक्क सांगितला आहे. निर्गमातही तेच. म्हणजे जमिनीचा मालक म्हणून ज्याचे नाव कागदावर आहे, त्याने शेवटची इंचभर जागासुद्धा वापरून टाकावी, हे बायबलला मान्य नाही.

आता आपल्या पट्ट्यात आहे तरी काय? पाऊस सुरू झाल्यावर आम्ही दोन-तीन वेळा सकाळी तिथे निवांत उभे राहिलो. भिंतीला लागून रुईची दोन झाडे आहेत. टाकळा माजला आहे. आपल्यापैकी काही घरांत त्याची कोवळी भाजी आजही होते. तेरडा फुलला आहे. आघाडा आहे, गुळवेल आहे, आणि कोणी न लावलेला एक कढीपत्ता आहे. ह्यातले एकही झाड पैसे देऊन आणलेले नाही.

रुईच्या पानाखाली पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसते. तिच्यापासून नारिंगी पंखांचे, काळ्या कडेचे फुलपाखरू होते. ही मादी अंडी घालते ती रुई आणि तिच्या कुळातल्या वनस्पतींवरच. रुईच्या चिकातले विष अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी असते. ती पुढे हिरवी होते आणि शेवटी काळे, मोठ्या पंखांचे फुलपाखरू होऊन उडते. टाकळ्यावर छोटी पिवळी फुलपाखरे अंडी घालतात. फुलपाखरू मध कुठल्याही फुलातला पिईल, पण त्याच्या अळीला ठरलेलेच पान लागते. आपल्या राज्याने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखरू ठरवले त्या नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातली झाडे खाते. जंगलात त्यासाठी माकडलिंबू असतो. तिला क्रोटन देऊन चालत नाही. ज्या भगिनी गॅलरीतल्या कुंडीत कढीपत्ता लावतात आणि अळी दिसताच फवारणी करतात, त्यांना आमची विनंती की दोन फांद्या तिच्यासाठी सोडाव्यात. कढीला उरलेला कढीपत्ता पुरतो.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावी राजेंद्र ओवळेकर ह्या शिक्षकाने आपल्या घरच्या सुमारे दोन एकर जमिनीत हेच केले. फुलांची झाडे लावलीच, पण त्याआधी अळ्यांना लागणारी झाडे लावली. तिथे आता शंभराहून अधिक जातींची फुलपाखरे नोंदली गेली आहेत. माहीम-धारावीकडचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान एके काळी शहराचे कचरा टाकण्याचे ठिकाण होते. १९९४ पासून ते सदतीस एकरांचे उद्यान म्हणून लोकांसाठी खुले आहे. आपल्याला तर त्याहून सोपे आहे. आपल्या पूर्वेला आरे आणि त्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेमध्ये दोन हजारांवर झाडे तोडली गेली, तेव्हा आपल्यातले काही तरुण तिथे गेले होते. आम्हाला त्यांचे कौतुक वाटले. पण जे आपण सरकारकडे मागतो, ते आपल्या कुंपणाच्या आत आपण करणार की नाही? आरेतून उडालेल्या फुलपाखराला वा माशीला वाटेत टेकायला हिरवी जागा लागते. मजास, मोगरा, ओशिवरा ही एकेकाळची शेतीवाडीची गावे. आज तिथे अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या आहेत.

पेव्हर ब्लॉकविषयी आणखी एक गोष्ट. मधमाशी म्हटले की आपल्याला पोळे आठवते. आग्या, सातेरी, फुलोरी ही नावे जुन्या माणसांना ठाऊक आहेत. पण मधमाशीच्या गणगोतात जगभरात वीस हजारांहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक पोळे बांधत नाहीत. त्या एकट्या राहतात, जमिनीत बारीक बीळ करून त्यात अंडी घालतात. उघडी माती हेच त्यांचे घर. ती ब्लॉकने झाकली की वर कितीही कुंड्या मांडा, घर गेले ते गेलेच.

आणि ह्या माश्या रिकामटेकड्या नाहीत. जगातल्या मुख्य पिकांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक प्रकारची पिके थोड्याफार प्रमाणात परागण करणाऱ्या जीवांवर अवलंबून आहेत, असे आयपीबीईएस ह्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या २०१६ च्या अहवालात म्हटले आहे. वांग्याचेच पाहा. त्याच्या पुंकेसराला टोकाशी बारीक छिद्र असते. काळा भुंगा फुलाला धरून गुणगुणतो, त्या कंपाने पराग झडतो. पोळ्यातल्या मधमाशीला ते जमत नाही. आंब्याच्या मोहरावर तर साध्या माश्यासुद्धा काम करून जातात. गंमत अशी की वेदीवरच्या अर्पणांना ह्यातल्या कोणाची फारशी गरज नाही. गहू स्वतःच फळतो आणि द्राक्षाचेही बहुतेक तसेच. मेणबत्तीला मात्र माशी लागते. पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री अंधारलेल्या चर्चमध्ये पास्काची मेणबत्ती उंच धरून जे स्तुतिगान गायले जाते, त्यात ह्या मेणासाठी राबलेल्या मधमाश्यांचा आदराने उल्लेख आहे. वर्षातल्या सर्वांत पवित्र रात्री ख्रिस्तसभा एका किड्याची आठवण काढते! ज्यांच्या हातून संत ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला ते मिलानचे बिशप संत अँब्रोज मधमाश्या पाळणाऱ्यांचे आश्रयदाते संत आहेत. ७ डिसेंबरला त्यांचा सण येतो.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा अ‍ॅरिस्टॉटलचे नाव ऐकून डोळे जड होत. पण प्राण्यांवरच्या ग्रंथात त्याने नोंदले आहे की मधमाशी एका फेरीत एकाच जातीच्या फुलांवर जाते. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी ह्या माणसाने किती वेळ बागेत उभे राहून पाहिले असेल! संत थॉमस अ‍ॅक्विनास ह्यांनी त्याच्याही पुढचा प्रश्न विचारला: देवाने इतक्या नाना तऱ्हेचे जीव का निर्माण केले? त्यांचे उत्तर असे की देवाचा चांगुलपणा एकट्या कोणत्याही जिवात मावत नाही. एकात जे उणे राहते ते दुसऱ्याने भरून निघते. म्हणून एखादी जात नाहीशी होते, तेव्हा देवाविषयी ती जे सांगत होती तेही ऐकू येईनासे होते. आमच्यामुळे हजारो जाती देवाचा गौरव करायला उरणार नाहीत आणि तसे करण्याचा आम्हाला हक्क नाही, असा पोप फ्रान्सिस ह्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

इथे एक खुलासा केलेला बरा. 'देशी झाड' म्हटले की काहींच्या कपाळाला आठी पडते, आणि ते आम्ही समजू शकतो. बाहेरून आलेले म्हणून बोट दाखवले जाण्याचा अनुभव आपल्या समाजाला आहे. झेंडू अमेरिकेतून आला, मिरची आणि पपईही, गुलमोहर मादागास्करचा. त्यांना उपटून टाका असे आम्ही म्हणणार नाही. विश्वासाचे बीही दुरून आले आणि ह्या मातीत रुजले. प्रश्न झाड कुठून आले हा नसून ते इथल्या जिवांशी नाते जोडते का, हा आहे. बहावा फुलला की भुंगे येतात, पाने आली की पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या येतात. फॉक्सटेल पाम वर्षानुवर्षे उभा राहतो आणि इथल्या अळीला त्याचे फारसे काही खाता येत नाही. घाणेरीसारखे झुडूप तर इतरांना जागाच देत नाही, ती मात्र आम्ही काढून टाकू.

डासांची भीती अनेकांनी बोलून दाखवली, आणि डेंग्यूने घरात माणूस आजारी पडलेला असताना ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: कुंडीखालच्या बशीत, टाकून दिलेल्या बाटलीत, कबरीवरच्या फुलदाणीत. त्या पट्ट्यात आम्ही मोजल्या तर नऊ बाटल्या आणि एक फुटकी बादली निघाली. त्या नेणे आपले काम आहे, त्यात रुईचा दोष नाही. उंदीर कचऱ्याला येतात आणि सापही त्यांच्याच मागे.

म्हणून आमची सूचना अशी. दर्शनी आवारात आणि ग्रोटोपर्यंतच्या वाटेवर ब्लॉक बसवावेत, म्हणजे वयस्कर मंडळींची सोय होईल. मागचा पट्टा मोकळा राहावा. लग्नाच्या दिवशी गाड्यांसाठी जवळच्या शाळांना विचारता येईल; तसे पत्र आम्ही लिहायला तयार आहोत. ज्यांना हे पटत नाही त्यांनी बैठकीला जरूर यावे, आम्ही ऐकून घेऊ. एवढे मात्र सांगून ठेवतो की त्या मातीत काय आहे हे पाहिल्याशिवाय कोणी हात वर करू नये.

कौन्सिलने मान्यता दिली तर दुसऱ्या मिस्सानंतर आपण सगळे मिळून लागवड करू. एक बहावा, माकडलिंबू, निर्गुंडी, अडुळसा, कोरांटी आणि तुळस. चर्चच्या आवारात तुळस कशी, असे कोणी विचारील. तिच्या मंजिरीवर सकाळी किती माश्या बसतात ते त्याने येऊन पाहावे. कोणाच्या गावी घरामागे ह्यातले काही असेल तर फांदी किंवा बी आणावे, नर्सरीतून रंगीत कुंड्या आणू नयेत. संडे स्कूलच्या मुलांनी बाटल्या गोळा कराव्यात. रुईच्या जवळ मात्र मोठ्यांनीच काम करावे, तिचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते.

आपले धर्मगुरू