नकाराचे कारण

परवा दिवाळीसाठी पुण्याहून पुतणी नाशिकला आली. घरात भाजणीचा वास दरवळत होता आणि ही पोर मधल्या खोलीत बसून चुकीचे लिहीत होती. चुकीचे, आणि तेही मुद्दाम! माझा उभा जन्म मुलांची गणिते तपासण्यात गेलेला. मला ते पाहवेना.

"काका, हेच माझे काम," ती हसून म्हणाली.

तिने सांगितले ते असे. सी प्लस प्लस या संगणकाच्या भाषेत 'टेम्प्लेट' नावाचा साचा असतो, आपल्या सोऱ्यासारखा. क्रम लावण्याची रीत एकदाच लिहायची. मग तीत आकडे घाला, नाहीतर नावे घाला. अट एवढीच, की दोहोंत आधी कोण हे ठरवता आले पाहिजे. पूर्वी ही अट साच्यावर सरळ लिहिण्याची सोय नव्हती. भलतेच काही घातले, की बिघाड आत खोलवर होई आणि कंपायलर, म्हणजे आपले लिहिणे यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी, पानेच्या पाने तक्रार करीत बसे. मोहन जास्त झाल्याचे चकली तेलात विरघळल्यावर कळावे, तसेच हे! सी प्लस प्लसच्या २०२० च्या आवृत्तीत 'कन्सेप्ट' आले आणि अट दारावरच लिहिता येऊ लागली.

पुतणी तपासते तो या दुभाष्याचा नकार. ती मुद्दाम अट मोडते आणि शेजारी लिहून ठेवते, की याच ओळीवर, याच शब्दांत नकार आला पाहिजे. नकार आला नाही, तर कंपायलर नापास. आला, पण कारण भलतेच निघाले, तरी नापास!

मी गप्प झालो. चुकीच्या गणितावर लाल फुली मारली की कर्तव्य संपले, असे मी ३० वर्षे मानले. एका मुलाची वही अजून आठवते. पानोपानी माझ्या फुल्या, आणि अक्षर एकही नाही. पुढे तो शाळेत येईनासा झाला. माझी एकही फुली चुकीची नव्हती. म्हणूनच त्या अधिक बोचतात.

पण कारण का सांगावे? समोरच्याला सुधारता यावे म्हणून, हे तर खरेच. संध्याकाळी नेहमीप्रमाणे पंचवटीत फिरायला गेलो, काळाराम मंदिराशी थबकलो, आणि दुसरे उत्तर सुचले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह सुरू झाला. दारे बंद करण्यात आली. त्या नकारालाही कारण होते: जन्म. कच्च्या मुलाला भागाकार शिकवता येतो. जन्म कोणी कसा दुरुस्त करावा? सत्याग्रहींनी ते कारण उजेडात आणले, तेव्हा दिसले की चूक दाराबाहेरच्या माणसांत नव्हती, दारावरच्या अटीत होती.

कारण सांगणे ही नकार देणाऱ्याची मेहेरबानी नव्हे. ते सांगितले की त्याची अटही परीक्षेला बसते. म्हणून तर नुसती फुली मारणे इतके सोपे वाटते.

रात्री पुतणीला विचारले, "अटच चुकीची असली तर कंपायलर काय करील?"

"काही नाही. अटी माणसेच लिहितात, काका."

विचार करता करता मी ताटातल्या चकलीकडे हात नेला. सौभाग्यवतींनी तो अडवला.

"कारण?" मी विचारले.

"नैवेद्य व्हायचाय अजून."

कारण पटले. मी हात मागे घेतला.