चिरल्यावर जिवंत निघालेली गोष्ट

वॉशिंग्टनमधल्या एका कंपनीच्या इमारतीत गोळ्या घालून पाडलेले हिरवट, अवाढव्य प्रेत चिरफाडीसाठी ठेवले आहे. जेसन वूडरू नावाचा शास्त्रज्ञ ते उघडतो. आत फुप्फुसासारखे काहीतरी आहे, पण त्याने श्वास घेता येणार नाही. हृदयासारखे काहीतरी आहे, पण ते रक्त खेळवू शकणार नाही. कवटीत मेंदूच्या घाटाचा नुसता वनस्पतीचा गोळा आहे. अ‍ॅलेक हॉलंड हा संशोधक स्फोटात होरपळून दलदलीत पडला आणि तिथून या रूपात उठला, असे वाचक बारा वर्षे धरून चालले होते. वूडरू सांगतो, हॉलंड त्याच रात्री मेला. त्याचा देह ज्या वनस्पतींनी पचवला, त्या स्वतःला हॉलंड समजू लागल्या. मग अवयवांवाचून जगणारी ही वस्तू गोळ्यांनी मरेल कशी?

‘स्वॅम्प थिंग’ या अमेरिकी भयकथा-मालिकेचा हा २१वा अंक १९८४चा. लेखक अ‍ॅलन मूर, चित्रकार स्टीफन बिसेट आणि जॉन टॉटलबेन. आज चाळीस वर्षांनंतरही चाहते या अंकाकडे परत परत येतात. अशा परतण्याला आपण सहज ‘बालपणीचे वेड’ म्हणून मोकळे होतो. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. महिन्याला एक अंक अशा हप्त्यांनी आलेल्या गोष्टीचे खरे वाचन दुसऱ्या खेपेलाच सुरू होते. पहिल्या खेपेला पुढे काय होणार याची भीती पाने उलटवून घेते. भीती ओसरली की बांधणी दिसू लागते.

मूर स्वतः असाच पुन्हा वाचणारा होता. हे पात्र त्याचे नव्हे. लेन वीन आणि बर्नी राइटसन यांनी १९७१मध्ये ‘हाउस ऑफ सीक्रेट्स’च्या ९२व्या अंकात ते एका छोट्या कथेतून आणले. तिथला नायक अ‍ॅलेक्स ओल्सन, आणि काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. १९७२च्या स्वतंत्र मालिकेत नाव, काळ, सगळे बदलले. मूरने जुन्या घटना जवळजवळ तशाच ठेवून त्यांचा अर्थ तेवढा फिरवला. ३३व्या अंकात तर ती मूळ कथाच पुन्हा छापून कथानकात बसवली: ओल्सनही असाच एक पूर्वज होता. आधीच्यांचे लेखन पुसून न टाकता ते नीट वाचण्यातून नवे काही घडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आज वाचताना त्या पानांमागचा काळही दिसतो. अमेरिकेत १९५४पासून कॉमिक्स कोडचा शिक्का असे. चालती प्रेते, रक्तपिपासू भुते यांवर त्या नियमावलीने बंदी घातली. १९७१मध्ये ती थोडी सैल झाली, पण चालत्या प्रेतांना मोकळीक मिळाली नाही. ‘स्वॅम्प थिंग’च्या २९व्या अंकाला हा शिक्का नाकारला गेला. प्रकाशक डीसीने अंक शिक्क्याविना बाजारात आणला. त्या काळच्या वाचकाला ही छोटी बातमी वाटली असेल. पुढे संपादक कॅरन बर्गर यांच्या देखरेखीखाली १९९३मध्ये प्रौढ वाचकांसाठी ‘व्हर्टिगो’ ही शाखा निघाली, त्या वाटेवरचे हे पाऊल होते, हे आज मागे वळून पाहताना कळते. अणुकचऱ्यावरच्या दोन अंकांत मूर आणि चित्रकारांनी वृत्तपत्रांतली खरी कात्रणे चित्रांत चिकटवली आहेत. भूत आणि बातमी एकाच चौकटीत आल्यावर अधिक भीती कशाची वाटते, हे ती पाने बघताच समजते.

पण पुन्हा वाचणे म्हणजे आरती ओवाळणे नव्हे. ४०व्या अंकात मासिक पाळी आणि लांडग्यात बदलणारी स्त्री यांची सांगड आहे. बायकांच्या कोंडलेल्या रागाविषयी सहानुभूतीने लिहायचा हेतू स्पष्ट आहे. तरी पाळीलाच पशुत्वाचे कारण केले गेले, आणि त्या बाईला शेवटी मरणाखेरीज वाट दिली गेली नाही. हे खटकते, आणि खटकले पाहिजे. ज्याला मालिका मनापासून आवडते त्यानेच हे आधी म्हणावे.

दुसरी गोष्ट श्रेयाची. चर्चा मूरपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पण टॉटलबेनच्या शाईतून उमटलेले शेवाळ, जॉन कोस्टान्झा यांची अक्षरे आणि तात्याना वूड यांचे रंग काढून घेतले तर ती दलदल उरत नाही. ३४व्या अंकात स्वॅम्प थिंगची प्रेयसी अ‍ॅबी त्याच्या अंगावर उगवलेले कंद खाते, तेव्हा पाने आडवी होतात. अंक हातात फिरवूनच वाचावा लागतो. दोन जिवांच्या मीलनाचा तो अनुभव चौकटी सोडून पानभर वाहत जातो. तो शब्दांइतकाच रंगरेषांचा आहे. अलीकडच्या मोठ्या आकाराच्या आवृत्त्यांत स्टीव्ह ओलिफ यांनी सगळे नव्याने रंगवले. ते काम कसबी आहे. तरीही वूड यांचे रंग खडबडीत, स्वस्त कागदाचा विचार करून निवडलेले होते. ते बदलले की वाचकाच्या हातात वेगळे पुस्तक येते.

म्हणून अशा मालिकांवर प्रेम करणाऱ्यांना एक विनंती. जुने अंक जपा, शक्य तिथे मूळ रंगांतच वाचा, आणि वाचताना चिरफाड करायला कचरू नका. राइटसन आणि वीन दोघेही २०१७मध्ये गेले. त्यांनी रुजवलेले रोप आता वाचकांच्या हवाली आहे.