निजलेल्याचा अपराध

गेल्या श्रावणांत एका स्नेह्यासह चार दिवस चिखलदऱ्यास होतों. कीचकाचा वध करून भीमानें जेथें हात धुतले म्हणतात, त्या भीमकुंडाच्या कड्यावर आम्ही उभे होतों. धुक्यामुळें दरी दिसत नव्हती; केवळ पाण्याचा घोष वर येत होता. तीस वर्षांच्या अध्यापनांत ज्यांचा आवाज कधीं चढला नाहीं असे ते गृहस्थ एकाएकीं म्हणाले, "अहो, मीं झोपेंत हिला मारलें. स्वप्नांत चोराशीं झटत होतों. जागा होऊन पाहतों तों हिचा गाल सुजलेला. शेजारीं तिनें दार लागल्याचें सांगितलें. हा राग इतकीं वर्षें माझ्या पोटांत दडून होता काय?"

प्रश्न जुनाच आहे. स्वप्नांत पुरुष जें पाहतो तें त्याला चिकटत नाहीं, असें बृहदारण्यकांत याज्ञवल्क्य जनकास सांगतात. उलट, स्वप्नांत दिलेलें राज्य हरिश्चंद्रानें जागेपणीं देऊन टाकलें, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. एकीकडे पूर्ण मुक्तता, दुसरीकडे पूर्ण जबाबदारी. परंतु स्वप्न पाहणाऱ्याचें शरीर स्वस्थ पडून असतें, हें दोहोंकडे गृहीतच आहे.

हें स्वास्थ्य आपोआप लाभत नाहीं. शिकागो येथें ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं १९५३ सालीं ज्या निद्रेचें वर्णन केलें, तींत मिटल्या पापण्यांखालीं डोळे वेगानें फिरतात व ठळक स्वप्नें पडतात. त्या वेळीं मेंदूच्या बुडाशीं असलेली एक यंत्रणा हातापायांचे स्नायू शिथिल करून ठेवते. जणूं दाराला कडीच घालते. ही कडी निखळली म्हणजे स्वप्नांतला ठोसा अंथरुणांत बसतो. १९८६ सालीं मिनियापोलिसच्या शेंक व माहोवाल्ड यांनीं माणसांतील या विकाराची ओळख करून दिली. तो बहुधा पन्नाशीपुढच्या पुरुषांत आढळतो, आणि त्यांचा जागेपणींचा स्वभाव इतरांहून तापट असतो असें दिसत नाहीं. अपराध मनाचा नव्हे, कडीचा.

पण ही निर्दोषता फुकट मिळत नाहीं. दुसरें कारण नसतां उद्भवलेला हा विकार पुष्कळदां कंपवाताचा किंवा बुद्धिभ्रंशाचा अग्रदूत असतो. २४ केंद्रांतील १२८० रुग्णांची जी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली, तीवरून बारा वर्षांत शेंकडा सुमारें ७३ जणांना असा रोग जडतो असें अनुमान निघालें. आणि तो थोपवील असें सिद्ध औषध अद्याप नाहीं. म्हणजे जें निदान माणसाला दोषमुक्त करतें, तेंच त्याला भविष्याची शिक्षा ऐकवतें.

आतां हें निदान यंत्रही करूं लागलें आहे. निद्राप्रयोगशाळेंतील साध्या कॅमेऱ्याच्या चित्रणांतून हालचाली मोजून संगणक हा विकार शेंकडा सुमारें ९२ वेळां अचूक ओळखतो, असें न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील संशोधकांनीं २०२५ सालीं दाखविलें. तज्ज्ञ जेथें दुर्मिळ, तेथें हें वरदानच ठरेल. परंतु उद्यां तेंच यंत्र घरोघर टांगलें तर? प्रौढांत हा विकार शेंकडा एकाच्या आसपास; तेव्हां त्याच प्रमाणानें हिशेब केल्यास हजारांमागें नऊ खऱ्या रुग्णांबरोबर ऐंशीएक निरोगी माणसें नाहक भयभीत होतील.

मग सांगूंच नये काय? मला येथें दोन सत्यें वेगळीं करावींशीं वाटतात. आजचा धोका हें पहिलें. त्यांत शेजारीं निजणारीचा वाटा आहे. तो लपविण्याचा अधिकार कोणासही नाहीं. उद्यांचा रोग हें दुसरें, आणि तें ज्याचें त्याचें आहे. निजलेल्यांवर शस्त्र चालविणाऱ्या अश्वत्थाम्यास आपल्या परंपरेनें क्षमा केली नाहीं. निजलेल्याचें भवितव्य त्याला न विचारतां वाचणें, हेंही त्याच जातीचें आक्रमण होय. विचारावें तें जागेपणीं, पाहण्यापूर्वीं. आणि त्यानें 'सांगा' म्हटल्यावर मात्र दयेच्या नांवाखालीं कांहीं झांकूं नये. अज्ञान सुखाचें असेल, पण तें दुसऱ्यानें लादलेलें नसावें.

हें मत बनविणें सोपें. कड्यावर उभें राहून पाळणें अवघड गेलें. हा विकार असूं शकेल, डॉक्टरांस दाखवा, तोंवर अंथरुणें वेगळीं करा, इतकें मीं सांगितलें. मग विचारलें, "याच्यापुढेंही कांहीं आहे. ऐकणार?"

ते बराच वेळ धुक्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "आधीं हिला सांगतों, मारणारा मी नव्हतों. पुढचें ती जवळ असतांना सांगा."